अंडे : न्याहारीचे की जेवणाचे?

मनवेलपाडा हा विरार पूर्वेचा दाट वस्तीचा भाग. येथील कितीतरी घरांतील माणसे मुंबईकडे जाणारी लोकल गाठण्यासाठी भल्या पहाटे घराबाहेर पडतात. सकाळी चहा आणि हाताशी असेल ते खाणे, एवढाच वेळ असतो. अंडे उकडावे, ते सोलावे आणि निवांत बसून खावे, ही चैन कामाच्या दिवशी परवडत नाही. मुंबईच्या इतर उपनगरांप्रमाणे विरारलाही अंड्याची खरी वेळ येते ती दिवस मावळल्यावर. भुर्जी-पावच्या हातगाड्यांवर तवे तापतात, आणि घराघरात भाताबरोबर अंड्याचे कालवण शिजते.

जाहिरातींत आणि पुस्तकांतल्या चित्रांत मात्र अंडे जवळजवळ नेहमी सकाळच्या बशीत, पावाच्या तुकड्याशेजारी दिसते. त्यामुळे अनेक पालक शिक्षकांना विचारतात : अंडे सकाळीच खायचे असते ना? रात्री खाल्ले तर बाधत नाही? उन्हाळ्यात उष्ण पडत नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधताना प्रथिने, उष्णता आणि आहार यांचे बरेच विज्ञान हाती लागते. ते पाहू या.

न्याहारीची कल्पना आली कोठून?

न्याहारीला अंडे ही प्रथा आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी रीतीतून आली. मराठी घरातील सकाळ ही पोहे, उपमा, थालीपीठ, शिळी भाकरी किंवा पेज यांची. अंडे आपल्याकडे शिरले ते जेवणाच्या ताटात. कोल्हापूरकडे अंड्याचा झणझणीत रस्सा होतो, तर कोकणात खोबऱ्याच्या वाटणातले कालवण. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू, बोर्डी, घोलवड या भागात पारशी व इराणी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत. पारशी स्वयंपाकात शिजलेल्या भाजीवर कच्ची अंडी फोडून, झाकण ठेवून ती वाफेवर बसवतात. बटाटा, भेंडी, टोमॅटो अशी कोणतीही भाजी त्यासाठी चालते. गोव्यात संध्याकाळी गाड्यांवर मिळणारे रॉस आम्लेट म्हणजे आम्लेटवर ओतलेला शागुतीचा रस आणि सोबत पाव.

या सर्व पदार्थांत एक गोष्ट समान आहे. अंडे एकटे नाही. त्याच्यासोबत भात, भाकरी किंवा पाव आहे. कांदा, टोमॅटो, खोबरे, भाजी यांपैकी काहीतरी आहे. ही सोबत केवळ चवीपुरती आहे का? त्यासाठी अंड्यात काय आहे आणि काय नाही, हे पाहिले पाहिजे.

अंड्यात काय आहे?

मध्यम आकाराच्या अंड्याचा कवचाशिवायचा भाग सुमारे ५० ग्रॅम भरतो. त्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ७० ते ७५ किलोकॅलरी ऊर्जा असते. पांढऱ्या भागात जवळजवळ ८८ टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्यतः प्रथिने असतात. स्निग्धांश, अ आणि ड जीवनसत्त्वे व कोलीन हा सगळा साठा पिवळ्या बलकात. धान्ये आणि डाळी यांत अजिबात नसलेले ब-१२ जीवनसत्त्वही अंड्यातून मिळते.

आता उणी बाजू. अंड्यात क जीवनसत्त्व नाही, तंतू म्हणजे चोथा नाही आणि पिष्टमय पदार्थ नसल्यासारखेच आहेत. त्यातील लोह शरीराला फारसे शोषता येत नाही. म्हणजे एकट्या अंड्याने जेवण पुरे होत नाही. जे त्याच्यात नाही ते भात-भाकरी, भाजी आणि लिंबाच्या फोडीत आहे.

सोबतीचा दुसरा फायदाही आहे. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतील कॅरोटिनॉइडे पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीबरोबर शिजवलेली अंडी खाल्ल्यास ही द्रव्ये कितीतरी जास्त प्रमाणात शोषली जातात. बलकातील स्निग्धांश येथे वाहनाचे काम करतो.

‘कमळ’ किती वेळा लिहिता येईल?

अंड्याच्या सोबतीचा खरा हिशेब मात्र अमिनो आम्लांचा आहे. तो वर्गात अक्षरांच्या पत्त्यांनी समजावता येतो. ‘क’ आणि ‘म’ यांचे प्रत्येकी ४८ पत्ते द्यावेत, पण ‘ळ’चे फक्त ३७. आता ‘कमळ’ हा शब्द किती वेळा मांडता येईल? ३७ वेळाच. उरलेले ‘क’ आणि ‘म’ हातात असूनही उपयोगाचे नाहीत.

आपले शरीर प्रथिने बांधताना याच अडचणीत सापडते. प्रथिने सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसीन हे त्यांपैकी एक. ३ ते १० वर्षे वयाच्या मुलांच्या अन्नातील दर ग्रॅम प्रथिनामागे साधारण ४८ मिलिग्रॅम लायसीन असावे, असे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांचे प्रमाण आहे. तांदळाच्या प्रथिनात ते सुमारे ३७ मिलिग्रॅम असते. गव्हाच्या प्रथिनात तर २७च्या आसपास. म्हणजे नुसता भात खाणाऱ्या मुलाच्या पोटात जाणाऱ्या प्रथिनापैकी जवळजवळ पाव भाग ‘ळ’ कमी पडल्यामुळे बांधकामाला लागतच नाही.

अंड्याच्या प्रथिनात दर ग्रॅमला सुमारे ७० मिलिग्रॅम लायसीन असते. आता बेरीज करू. १०० ग्रॅम तांदळात ७ ग्रॅम प्रथिने, म्हणून लायसीन सुमारे २६० मिलिग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने आणि ४२० मिलिग्रॅम लायसीन. दोन्ही मिळून १३ ग्रॅम प्रथिनांत ६८० मिलिग्रॅम, म्हणजे दर ग्रॅमला ५२. प्रमाण ओलांडले! अंड्याने आपली स्वतःची प्रथिने तर दिलीच, शिवाय भातातील जी वाया जाणार होती तीही कामाला लावली. अंडे एकटे खाल्ले असते, तर त्याच्याकडचे जादा लायसीन भाताच्या उपयोगी पडले नसते.

हाच हिशेब विद्यार्थ्यांना भुर्जी-पावासाठी करायला सांगावा. पाव मैद्याचा, म्हणजे गव्हाचा. त्यात लायसीनची तूट भातापेक्षाही मोठी. गाडीवरच्या त्या खाण्यामागे किती चांगले आहारशास्त्र आहे, हे त्यांना आपोआप दिसेल. मैद्यातील चोथा निघून गेलेला असतो आणि तव्यावर तेल सढळ हाताने पडते, हेही त्याच वेळी सांगावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भातातील ही तूट डाळही भरून काढते. तुरीसारख्या डाळींत लायसीन भरपूर असते. आपल्या पूर्वजांची खिचडी या कसोटीवर उत्तम उतरते. अंडी न खाणाऱ्यांनी डाळ-भात आणि दूध-दही घेतले, तर त्यांचे काही अडत नाही. पण त्यासाठी डाळ दाट हवी. महागाईत डाळीत पाणी वाढत जाते आणि हिशेब बिघडतो. शिवाय अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे ९७ टक्के पचतात. तांदळाची ८८ टक्क्यांच्या आणि कडधान्यांची ७८ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच वाढत्या वयात अंड्याला महत्त्व आहे.

चौकट चुलीत घालू नये

जेवणाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. भुकेल्या शरीराची पहिली गरज ऊर्जा ही असते. ती पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांतून मिळाली नाही, तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. सरपण नाही म्हणून दाराची चौकट चुलीत घालावी, तसा हा प्रकार. स्नायू, रक्त, विकरे यांच्यासाठी लागणारा माल नुसत्या उष्णतेसाठी खर्च होतो. अंड्यासोबत पोटभर भात किंवा भाकरी असेल, तर ऊर्जेची गरज धान्य भागवते आणि अंड्यातील प्रथिने बांधकामासाठी शिल्लक राहतात.

म्हणून ‘सकाळी की रात्री’ यापेक्षा ‘कशाबरोबर’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. न्याहारीतही भाकरीबरोबर अंडे खाल्ले तर ते उत्तमच. पण ज्या घरात पोटभर खाणे दुपारी किंवा रात्री होते, त्या घरात अंड्याचीही तीच वेळ योग्य.

पातेल्यातले रसायनशास्त्र

अंडे इतक्या वेगवेगळ्या जेवणांत सामावते, याचे कारण त्याच्या प्रथिनांच्या वागण्यात आहे. कच्च्या अंड्यात प्रथिनांच्या लांब साखळ्या लोकरीच्या गुंड्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि पाण्यात सुट्या तरंगतात. उष्णता मिळाली की गुंड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि जाळे तयार होते. पाणी त्या जाळ्यात अडकून राहते. द्रव असलेले अंडे घट्ट होते ते असे. यालाच साकळणे म्हणतात.

सर्व प्रथिने एकाच तापमानाला साकळत नाहीत. पांढऱ्या भागातील काही ६० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे साकळू लागतात. त्यातील अर्ध्याहून अधिक वाटा असलेले ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० अंशांच्या आसपास. बलक ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० अंशांच्या सुमारास बसतो. यातून स्वयंपाकातील अनेक गोष्टी उलगडतात.

कालवणात अंडी थेट फोडून सोडायची असतील, तर आच मंद ठेवतात. १०० अंशांना रटरटणारा रस्सा अंड्याच्या चिंध्या करतो. मंद आचेवर ते अखंड बसते. कोकम, चिंच किंवा टोमॅटोचे आंबट येथे मदत करते. आम्लामुळे प्रथिनांवरील विद्युतभार कमी होतो, ती एकमेकींना कमी दूर ढकलतात आणि अंडे लवकर साकळते.

भुर्जी फार वेळ परतली की पाणी सुटते. जाळे आवळत जाते आणि आत धरलेले पाणी पिळून बाहेर टाकते. भुर्जी मऊ हवी असेल, तर अंडे पुरते साकळताच उतरवावी.

उकडलेल्या अंड्याला रश्श्यात टाकण्यापूर्वी चिरा देतात. बसलेले जाळे इतके दाट असते की मीठ-मसाला आत झिरपायला फार वेळ लागतो. चिरांमुळे पृष्ठभाग वाढतो.

फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडे येते. पांढऱ्या भागातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने तेथे फेरस सल्फाइड बनते. ते अपायकारक नाही. उकडून होताच अंडी गार पाण्यात टाकली, तर हे टळते.

अगदी ताजे अंडे सोलताना पांढरा भाग कवचाला चिकटून निघतो. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे काही दिवस राहिले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि त्याची आतल्या पापुद्र्यावरील पकड सुटते. त्याच छिद्रांतून पाण्याची वाफही जाते आणि बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते. म्हणूनच ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते.

अंडे शिजवणे केवळ चवीसाठी नाही. तालमीत कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची जुनी पद्धत आहे. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचलेली आढळली. कच्च्या अंड्यातील जेमतेम निम्मी. गुंडी उलगडली की पाचक विकरांना साखळी तोडणे सोपे जाते. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. बलक घट्ट होईपर्यंत शिजवले की तो टळतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना पूर्ण शिजलेलेच अंडे द्यावे.

अंडे ‘उष्ण’ असते का?

या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने शोधू. प्रथिने पचवून वापरण्यात शरीराची काही ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. हा खर्च प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या २० ते ३० टक्के असतो. इतर अन्नघटकांपेक्षा तो जास्त आहे, हे खरे. पण एका अंड्यातील प्रथिनांची ऊर्जा किती? ६ ग्रॅम गुणिले ४, म्हणजे २४ किलोकॅलरी. त्याचे २० ते ३० टक्के म्हणजे ५ ते ७ किलोकॅलरी. प्रौढ माणूस नुसता स्वस्थ बसला, तरी त्याचे शरीर तासाला ७०-८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे अंड्याची ‘उष्णता’ पाच-सहा मिनिटे बसून राहण्याएवढी! रात्रीच्या जेवणातील अंड्याने अंगात उष्णता वाढेल ही भीती यावर टिकत नाही. रात्री जड वाटते ते बहुधा तेल, तिखट आणि झोपण्याच्या तोंडावर भरपेट खाणे यांमुळे.

मात्र उन्हाळ्यात काळजी घेण्याचे खरे कारण वेगळे आहे. उकाड्यात अंडी लवकर खराब होतात. तडा गेलेले अंडे घेऊ नये. अंडी धुऊन साठवू नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो. धुवायचीच तर वापरण्यापूर्वी लगेच धुवावीत. शिजवलेले अंडे उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. सकाळी डब्यात भरून दुपारी खाण्यापेक्षा ताज्या जेवणात गरम खाणे अधिक सुरक्षित.

एका अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवते, त्यामुळे निरोगी माणसाने रोजच्या एका अंड्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

शाळेच्या ताटात

आता ज्या ताटाशी शिक्षकांचा रोज संबंध येतो, त्याकडे वळू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ यांतून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये २३ ग्रॅम ठरवली. या ताटात एक अंडे वाढले, तर प्रथिने १२ वरून १८ ग्रॅमवर जातात. दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा एका अंड्याने भागतो. आणि ते मिळते दुपारी, भाताबरोबर, म्हणजे वर पाहिलेल्या सर्व अटी पूर्ण करून.

तमिळनाडूने १९८९ साली शाळेच्या जेवणात पंधरवड्याला एक अंडे देण्यास सुरुवात केली. २०१० पर्यंत ते आठवड्याला पाच झाले. महाराष्ट्रात पालघरसह आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांच्या चौरस जेवणात अंड्याला जागा मिळाली. पुढच्या वर्षी लहान मुलांनाही आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याचे ठरले. शाळांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे, अंडा पुलाव किंवा बिर्याणी देण्याचा आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी किंवा फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबला. अंडा पुलाव द्यायचा तर त्याचा खर्च लोकसहभागातून उभा करावा, असे ठरले.

लोकसहभाग जेथे सहज उभा राहतो, त्या वस्तीतील मुलांच्या घरी अंडी बहुधा येतातच. जेथे अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेथे वर्गणी मिळणे सर्वांत अवघड. देशात २०२३-२४ मध्ये दरडोई अंडी उपलब्ध होती वर्षाला १०३, म्हणजे आठवड्याला दोन. ही सरासरी आहे. कोणाच्या वाट्याला रोज एक येते, तर कोणाच्या वाट्याला सणासुदीलाच. आपल्या शाळेतील मुले या दोन टोकांमध्ये कोठे आहेत, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अंड्याचा विषय निघेल, तेव्हा लायसीनचा वरील हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. तीन वाट्यांत अंड्याचा पांढरा भाग थोडा थोडा घ्या. त्या अनुक्रमे ६०, ७० आणि ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. प्रयोगशाळेतील तापमापीने पाण्याचे तापमान राखा. कोणती किती घट्ट झाली ते नोंदवा. हाच प्रयोग बलक घेऊन करा.

२. दोन वाट्यांत पांढरा भाग घेऊन एकीत लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब ढवळा. दोन्ही एकाच गरम पाण्यात ठेवा. आधी कोणती पांढरी होते?

३. वेगवेगळ्या दिवशी आणलेली अंडी पाण्यात सोडून त्यांची स्थिती पाहा आणि ती जुनेपणाच्या क्रमाने लावा. मग दुकानातून आणल्याच्या तारखांशी ताडून पाहा.

४. आदल्या दिवशीच्या दोन्ही जेवणांत कोणते धान्य, कोणती डाळ किंवा उसळ, दूध-दही, अंडी किंवा मासे होते, याची प्रत्येकाने आपल्यापुरती नोंद करावी. ‘ळ’ कोठून आला ते शोधावे. कोणाच्या घरी काय शिजते, याची वर्गात जाहीर तुलना मात्र करू नये. अंडी न खाणाऱ्या मुलांनी हाच शोध डाळ आणि दुधात घ्यावा. उत्तर तेथेही सापडते.

प्रयोगात वापरलेली अंडी खाऊ नयेत आणि कच्चे अंडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, ही सूचना आधीच द्यावी.